"आय" की "मी", "ही" की "दे": इंग्रजीत वाक्य जोडताना सर्वनामाचं काय करायचं

आपल्या मराठी माणसाचं इंग्रजी नेमकं कुठे अडतं हे बघायचं असेल तर त्याला सुटी सुटी वाक्यं विचारू नका. "तो आला" विचारलं की "ही केम" येतं, "मी फोन केला" विचारलं की "आय कॉल्ड" येतं, सगळं बरोबर. आता म्हणा, "फोन केला पण उचलला नाही." इथे गडबड सुरू होते, कारण मराठीत 'पण'च्या अलीकडे कोणी नाही आणि पलीकडेही कोणी नाही, तरी आपल्याला सगळं कळतं, आणि इंग्रजीत मात्र प्रत्येक माणूस जागेवर हजर लागतो.

मी मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवते, दुकानवाले, नर्स, बँकेत काम करणारे, घरी असणाऱ्या बायका, परदेशातल्या आपल्या मुलांकडे जायची तयारी करणारे आजी-आजोबा असे सगळे येतात, आणि माझं ठाम मत झालंय की यांच्या बहुतेक चुका जोडावरच्या असतात. म्हणजे अँड, बट, बिकॉज, दॅट असा जोडणारा शब्द आला की त्याच्या शेजारी कुठलं सर्वनाम बसवायचं, की बसवायचंच नाही, तिथे. पुस्तकात सर्वनामं एका धड्यात आणि उभयान्वयी अव्ययं, म्हणजे हे जोडणारे शब्द, दुसऱ्या धड्यात, दोघांची गाठ कोणी घालूनच देत नाही. म्हणून हा लेख थोडा लांब झालाय, पण एका दमात वाचायची गरज नाही, एकेक पायरी दोन-तीन दिवस बोलून बघा आणि मग पुढे जा.

वाचायच्या आधी एकच सूचना. इंग्रजी वाक्यं मी देवनागरीतच लिहिली आहेत. इंग्रजी वाक्यातलं "मी" म्हणजे एम-ई वालं, 'मला' या अर्थाचं, आणि "ही" म्हणजे एच-ई वालं, 'तो' या अर्थाचं. बाकी लेखात मी आणि ही आपले मराठीच. यावर एकदा नजर बसली की पुढे गोंधळ होत नाही.

पायरी १: दोन रांगा पाठ करा, आणि 'मला'वर विसंबू नका

पहिली रांग कर्त्याची: आय, वी, ही, शी, दे. दुसरी रांग कर्माची: मी, अस, हिम, हर, देम. यू आणि इट दोन्हीकडे सारखेच, त्यांची काळजी नाही. पहिली रांग क्रियापदाच्या आधी येते, दुसरी रांग क्रियापदानंतर किंवा टु, फॉर, विथ, फ्रॉम, बिट्वीन अशा शब्दांनंतर येते.

इतकं शाळेत झालेलं असतं. पण आपण डोक्यात 'मी म्हणजे "आय", मला म्हणजे "मी"' असं जे बसवलेलं असतं ना, ते अर्धंच खरं आहे. मराठीत "मला चहा हवाय", "मला भूक लागली", "मला जावं लागलं", "मला तो पिक्चर आवडला" अशी ढीगभर वाक्यं आहेत जिथे 'मला' आहे पण इंग्रजीत तिथे "आय" येतो: "आय वॉन्ट टी", "आय ॲम हंग्री", "आय हॅड टु गो", "आय लाइक्ड द मूव्ही". एकट्यादुकट्या वाक्यात हे सवयीने बरोबर येतं. पण 'आणि' आलं की सवय सुटते. "मला आणि ताईला तो पिक्चर आवडला" याचं लगेच "मी अँड माय सिस्टर लाइक्ड" होतं, कारण डोकं 'मला'ला चिकटून बसतं. बरोबर वाक्य "माय सिस्टर अँड आय लाइक्ड द मूव्ही". तेव्हा मराठीतला प्रत्यय बघू नका, इंग्रजीत ते सर्वनाम क्रियापदाच्या कुठल्या बाजूला पडतंय ते बघा.

पायरी २: 'अँड'च्या दोन्ही बाजूंना माणसं असतील तर एकाला बाजूला करा

ही युक्ती सगळ्यात जास्त कामाला येते. वाक्यात दोन माणसं "अँड"ने किंवा "ऑर"ने जोडलेली असतील आणि "आय" की "मी" कळत नसेल तर दुसऱ्या माणसाला थोडा वेळ वाक्यातून काढा आणि उरलेलं वाक्य म्हणून बघा.

"सुनील अँड आय वेन्ट टु द बँक" की "सुनील अँड मी वेन्ट"? सुनीलला काढा. "आय वेन्ट" बरोबर वाटतं, "मी वेन्ट" कानाला खटकतं. म्हणजे "सुनील अँड आय वेन्ट".

"द मॅनेजर कॉल्ड सुनील अँड आय" की "सुनील अँड मी"? सुनीलला काढा. "द मॅनेजर कॉल्ड आय" कोणीच म्हणणार नाही. म्हणजे "द मॅनेजर कॉल्ड सुनील अँड मी".

इथे शिकलेली माणसं जास्त चुकतात हे लक्षात ठेवा. लहानपणी कोणीतरी दटावलेलं असतं की "मी अँड सुनील" म्हणायचं नाही, "सुनील अँड आय" म्हणायचं, मग तो माणूस आयुष्यभर सगळीकडे "अँड आय" लावत जातो, "प्लीज सेंड इट टु सुनील अँड आय", "बिट्वीन यू अँड आय". दोन्ही चूक. टु आणि बिट्वीनच्या नंतर दुसरी रांग, म्हणून "टु सुनील अँड मी", "बिट्वीन यू अँड मी". बिट्वीनच्या बाबतीत एकाला काढून बघायची युक्ती चालत नाही, कारण 'च्यामध्ये' म्हटलं की दोघं लागतातच, म्हणून ते सरळ पाठच करा.

क्रम पण बदलतो. आपण "मी आणि माझा भाऊ" म्हणतो, त्यात काही उद्धटपणा नाही, मराठीची ती रीतच आहे. इंग्रजीत स्वतःला शेवटी ठेवतात: "माय ब्रदर अँड आय". समोरचा पण असेल तर तो सगळ्यात आधी: "यू, माय ब्रदर अँड आय". इंग्रजी सिनेमात आणि मालिकांत "मी अँड हिम वेन्ट" असं सर्रास ऐकू येतं, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ते घरात मित्रांत असं बोलतात. तुम्ही ऐकून समजून घ्या, पण इंटरव्ह्यूत, ऑफिसच्या मेलमध्ये किंवा परीक्षेत वापरू नका. आयल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांना द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, स्पीकिंगमध्ये व्याकरण हा चार निकषांपैकी एक पूर्ण निकष असतो, तिथे हे ऐकू येणारच.

मग काहीजण या "आय-मी"च्या कटकटीतून सुटायला "मायसेल्फ" पकडतात. "सुनील अँड मायसेल्फ विल अटेंड", "कॉन्टॅक्ट सुनील ऑर मायसेल्फ". ऐकायला भारदस्त वाटतं म्हणून ऑफिसांत हे फार फोफावलंय. "मायसेल्फ" तेव्हाच, जेव्हा करणारा पण मीच आणि ज्याच्यावर ते होतंय तो पण मीच: "आय कट मायसेल्फ", "आय टॉट मायसेल्फ". किंवा जोर द्यायचा असेल तर, "आय डिड इट मायसेल्फ". बाकी ठिकाणी साधं "सुनील अँड आय विल अटेंड", "कॉन्टॅक्ट सुनील ऑर मी". साधं आहे आणि बरोबर आहे.

आणि एकदा दोन माणसं जोडली की पुढे त्यांच्याबद्दल बोलताना कुठलं सर्वनाम येणार हे पण ठरलेलं आहे. गटात "आय" असेल तर पुढे "वी, अवर, अस": "माय सिस्टर अँड आय लॉस्ट अवर टिकेट्स." "आय" नाही पण "यू" असेल तर पुढे "यू, युअर": "यू अँड सुनील कॅन ब्रिंग युअर किड्स." दोन्ही नसतील तर "दे, देअर, देम". मराठीत आपलं 'आपापली', 'आपलं' सगळ्यांना पुरतं, "तू आणि सुनील आपापली मुलं आणा", म्हणून इंग्रजीत नेमकं कोणाचं हे ठरवायची सवय नसते.

पायरी ३: 'तो, ती, ते' इंग्रजीत नेताना

ही पायरी पुस्तकात फारशी सापडत नाही, आणि मला तर ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

"रमेश आणि त्याची बहीण आली." वर्गात हे वाक्य दिलं की निम्मे लोक "रमेश अँड हर सिस्टर" म्हणतात, आणि हुशार माणसं म्हणतात बरं का. कारण सोपं आहे. मराठीत 'त्याची' मधला 'ची' बहिणीकडे बघून ठरतो. भाऊ असता तर 'त्याचा', घर असतं तर 'त्याचं'. म्हणजे आपलं लक्ष पुढच्या शब्दाच्या लिंगाकडे असतं. इंग्रजीत पुढच्या शब्दाकडे बघायचंच नाही, फक्त मागे बघायचं, कोणाची? रमेशची. रमेश पुरुष, म्हणून "हिज". बहीण असो, बायको असो, गाडी असो, "हिज". तसंच "सीमा आणि तिचा नवरा" म्हणजे "सीमा अँड हर हजबंड", नवरा पुरुष आहे म्हणून "हिज" नाही. "अँड" म्हणून झाल्यावर अर्धा सेकंद थांबा, "अँड"च्या मागच्या माणसाकडे बघा आणि मगच "हिज" किंवा "हर" म्हणा. आठवडाभर मुद्दाम असं थांबलं की जीभ वळते.

दुसरं, आदराचं 'ते'. "सर आले पण ते चिडलेले होते." "सर केम बट दे वेअर अँग्री" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं सरांबरोबर आणखी कोणी होतं आणि तो विचारणार, "हू?" इंग्रजीत एका माणसाला आदर दाखवायला अनेकवचन नाही. बाबा, सासरे, साहेब, राष्ट्रपती, एकटा पुरुष असेल तर "ही", आजी, सासूबाई, मॅडम, एकटी बाई असेल तर "शी". "माय फादर-इन-लॉ केम, बट ही डिडंट ईट." आपल्याला हे म्हणताना जरा अवघडल्यासारखं होतं, वडीलधाऱ्यांना अरेतुरे केल्यासारखं वाटतं, पण इंग्रजीत त्यात अनादर अजिबात नाही.

तिसरं, वस्तू. 'ती खुर्ची', 'तो फोन', 'ती बस' हे सगळं "इट". "बस आली पण ती भरलेली होती" म्हणजे "द बस केम, बट इट वॉज फुल".

पायरी ४: जोडणाऱ्या शब्दानंतर सर्वनाम गाळायचं की ठेवायचं

आता सुरुवातीचं वाक्य घेऊ. "फोन केला पण उचलला नाही." कोणी केला? मी. कोणाला? त्याला. कोणी उचलला नाही? त्याने. काय? फोन. मराठीत यातलं एकही सर्वनाम उच्चारलं नाही तरी ऐकणारा बरोबर समजतो. तेच इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून "कॉल्ड बट डिडंट पिक अप" केलं, किंवा नुसता पुढे "आय" लावून "आय कॉल्ड बट डिडंट पिक अप" केलं, तर अर्थ होतो मीच फोन केला आणि मीच उचलला नाही. कारण इंग्रजीचा नियम असा आहे की "बट"नंतर कर्ता नसेल तर तो आधीचाच समजायचा. कर्ता बदलला की सांगावंच लागतं: "आय कॉल्ड हिम, बट ही डिडंट पिक अप."

म्हणजे गाळता येतं, पण कधी? इथे आपलं शाळेतलं मराठी व्याकरण छान उपयोगी पडतं, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तर हे तोंडपाठ असतं. आपली उभयान्वयी अव्ययं दोन गटांत असतात. प्रधानत्वसूचक (बरोबरीची वाक्यं जोडणारी), म्हणजे समुच्चयबोधक आणि-व, विकल्पबोधक किंवा-अथवा, न्यूनत्वबोधक पण-परंतु, परिणामबोधक म्हणून-सबब. आणि गौणत्वसूचक (मुख्य वाक्याला त्याच्यावर अवलंबून असलेलं वाक्य जोडणारी), म्हणजे स्वरूपबोधक की, कारणबोधक कारण, उद्देशबोधक म्हणून-यास्तव, संकेतबोधक जर-तर, जरी-तरी.

पहिल्या गटातले "अँड, बट, ऑर" हे तिघं असे आहेत की ज्यांच्यानंतर कर्ता तोच असेल तर सर्वनाम गाळता येतं. "शी केम अँड सॅट हिअर." "ही ट्राइड बट फेल्ड." पहिल्या गटातला असूनही "सो"ला ही सवलत नाही, "आय वॉज टायर्ड, सो वेन्ट होम" चूक, "सो आय वेन्ट होम" बरोबर.

दुसऱ्या गटातल्यांना सवलत नाहीच. बिकॉज, इफ, व्हेन, दो, अन्लेस, अन्टिल, यांच्यानंतर रोजच्या बोलण्यात कर्ता लागतोच, आधीचाच असला तरी. "आला नाही कारण बरं नव्हतं" याचं "ही डिडंट कम बिकॉज वॉज इल" होत नाही, "बिकॉज ही वॉज इल". "आलास की फोन कर" म्हणजे "कॉल मी व्हेन यू अराइव्ह". या वाक्यांत तुम्हाला वाटेल की उगाच तेच तेच परत म्हणतोय, पण इंग्रजी कानाला ते परत म्हणणंच हवं असतं.

आणि जिथे मराठीत कर्ताच नाही तिथे काय? "उशीर झाला होता म्हणून आम्ही निघालो", "पाऊस होता म्हणून गेलो नाही", "लांब आहे पण रस्ता चांगला आहे". इथे कोणाला उशीर, काय लांब, काही नाही. इंग्रजीत ती रिकामी जागा "इट" भरतो: "इट वॉज लेट, सो वी लेफ्ट", "वी डिडंट गो बिकॉज इट वॉज रेनिंग", "इट्स फार, बट द रोड इज गुड". वेळ, हवामान, अंतर यांच्याबद्दल बोलताना जोडणाऱ्या शब्दानंतर तोंडात काहीच येत नसेल तर बहुतेक वेळा तिथे "इट" हवा असतो.

एक बारीक गोष्ट राहिली, ती लिहिणाऱ्यांसाठी पण आणि बोलणाऱ्यांसाठी पण. कर्ता गाळता येतो, कर्म नाही. "पुस्तक घेतलं पण वाचलं नाही." "आय बॉट द बुक बट डिडंट रीड" अर्धवट लागतं, शेवटी "इट" हवा: "आय बॉट द बुक बट डिडंट रीड इट." "साडी बघितली आणि आवडली" म्हणजे "आय सॉ द सारी अँड लाइक्ड इट". हा शेवटचा छोटासा "इट" आपल्याकडून फार वेळा गळतो.

स्वल्पविरामाचं पण याच्यातच उत्तर मिळतं. "अँड" किंवा "बट"नंतर नवीन कर्ता आणि पूर्ण वाक्य असेल तर आधी स्वल्पविराम द्या, कर्ता गाळला असेल तर नको.

पायरी ५: 'की'नंतर सर्वनाम बदला

इथे चूक झाली तर नुसतं व्याकरण बिघडत नाही, अर्थच उलटा होतो, म्हणून इथे वेळ काढा.

मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं 'की' लावून जसंच्या तसं सांगतो. "भाडेकरू म्हणाला की मी लाइट बिल भरतो." यातला 'मी' म्हणजे भाडेकरू, हे कोणालाही कळतं. आता समजा घरमालक परदेशात आहे, त्याला मराठी येत नाही, आणि तुम्ही त्याला फोनवर सांगता, "द टेनंट सेड दॅट आय विल पे द बिल." त्याला काय ऐकू आलं? की भाडेकरू म्हणाला, बिल तुम्ही भरणार. इंग्रजीत "दॅट"च्या पुढे सगळी सर्वनामं आत्ता बोलणाऱ्याच्या नजरेतून ठेवायची असतात. "आय" म्हणजे आत्ता जो बोलतोय तो, दुसरा कोणी नाही. म्हणून "द टेनंट सेड दॅट ही वुड पे द बिल."

करायचं असं. 'की'च्या पुढे 'मी' आला की स्वतःला विचारा, हे कोण म्हणालं? तो म्हणाला असेल तर "ही", ती म्हणाली असेल तर "शी", ते सगळे म्हणाले असतील तर "दे", मी स्वतःच म्हणालो असेन तरच "आय". मग 'तू' किंवा 'तुम्ही' आला की विचारा, हे कोणाला म्हणालं? मला असेल तर "आय" किंवा "मी", आम्हाला असेल तर "वी" किंवा "अस", तिला असेल तर "शी" किंवा "हर".

"ती मला म्हणाली की मी तुला उद्या पैसे देते." ती म्हणाली, म्हणून 'मी' होतो "शी". मला म्हणाली, म्हणून 'तुला' होतं "मी". "शी टोल्ड मी दॅट शी वुड पे मी टुमॉरो." क्रियापद पण जरा मागे सरकतं, "विल"चं "वुड", पण घाईत "विल" राहिलं तरी माणूस समजून घेतो, सर्वनाम चुकलं तर मात्र नाही. म्हणून आधी सर्वनाम पक्कं करा, काळाचं नंतर बघू.

यातच "सेड" आणि "टोल्ड"चा फरक आहे. "टोल्ड"नंतर लगेच कोणाला ते हवं आणि मग "दॅट": "ही टोल्ड मी दॅट". "सेड"नंतर सरळ "दॅट": "ही सेड दॅट". "ही सेड मी दॅट" पण चूक आणि "ही टोल्ड दॅट ही वॉज कमिंग" पण चूक.

प्रश्न असेल तर "दॅट" टाकूच नका. "त्याने विचारलं की तू कुठे राहतेस" याचं "ही आस्क्ड दॅट व्हेअर डू यू लिव्ह" असं सगळीकडे ऐकू येतं. "व्हेअर" स्वतःच जोडतोय, "दॅट"ला जागा नाही, 'तू' म्हणजे मी, आणि क्रम साध्या वाक्याचा: "ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड." हो-नाही वाला प्रश्न असेल तर "इफ": "तिने विचारलं की तू येणार का", "शी आस्क्ड इफ आय वॉज कमिंग".

आणि हुकूम, सल्ला, विनंती असेल तर सगळ्यात सोपं, "दॅट" आणि दुसरा कर्ता दोन्ही सोडून द्या आणि "टु" लावा. "आई म्हणाली की तू जेवून घे", "मॉम टोल्ड मी टु ईट". "मी तिला म्हटलं की काळजी करू नकोस", "आय टोल्ड हर नॉट टु वरी".

"आय थिंक", "आय नो", "आय होप" यांच्यानंतर रोजच्या बोलण्यात "दॅट" गाळतात, "आय थिंक ही लेफ्ट". "दॅट" गेला तरी चालतो, "ही" गेलेला चालत नाही.

पायरी ६: मराठीतल्या जोड्या तोडा

जो-तो, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी. मराठी वाक्य या जोड्यांवर उभं असतं, आणि इंग्रजीत त्यातला बहुतेक वेळा एकच लागतो. "जरी पाऊस होता तरी तो आला" याचं "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम" होतं, त्यातला "बट" काढा. "बिकॉज आय वॉज सिक, सो आय डिडंट कम" यातला "बिकॉज" तरी काढा नाहीतर "सो" तरी. "इफ"बरोबर "देन" चालतो, पण रोजच्या बोलण्यात त्याची गरज पडत नाही.

'जो-तो'ची गोष्ट थोडी वेगळी, कारण इंग्रजीतला "हू", "व्हिच" किंवा "दॅट" हा जोडणारा पण असतो आणि सर्वनाम पण असतो, दोन्ही कामं एकटा करतो. "जो मुलगा काल आला होता तो माझा भाचा आहे." आपण म्हणतो, "द बॉय हू केम येस्टरडे, ही इज माय नेफ्यू." 'तो'साठी आलेला तो "ही" जास्तीचा आहे: "द बॉय हू केम येस्टरडे इज माय नेफ्यू." तसंच "द फोन दॅट आय बॉट इट" नाही, "द फोन दॅट आय बॉट". पायरी ४ मध्ये "इट" विसरू नका म्हटलं आणि इथे "इट" काढा म्हणतेय, यामुळे गोंधळ होऊ शकतो, तर फरक असा: "बट", "अँड" नुसते जोडतात, त्यांच्यात वस्तू नसते, म्हणून "इट" लागतो. "दॅट" आणि "व्हिच"मध्ये ती वस्तू आधीच आलेली असते.

पायरी ७: छोट्या जागा, पटापट

"दॅन"नंतर बोलताना "मी" चालतं, "शी इज टॉलर दॅन मी". जरा जपून बोलायचं असेल तर पूर्ण करा, "दॅन आय ॲम". एकच ठिकाण सांभाळा: "शी लाइक्स यू मोर दॅन मी" म्हणजे तिला माझ्यापेक्षा तू जास्त आवडतोस, आणि "मोर दॅन आय डू" म्हणजे मला तू जितका आवडतोस त्याहून तिला जास्त आवडतोस.

"बिकॉज"नंतर पहिली रांग आणि पूर्ण वाक्य, "बिकॉज ही वॉज लेट". "बिकॉज ऑफ"नंतर दुसरी रांग आणि बस, "बिकॉज ऑफ हिम". 'कारण तो' आणि 'त्याच्यामुळे' हा फरक आपल्याकडे आहेच, तोच धरा. "आफ्टर" आणि "बिफोर" दोन्हीकडे चालतात, सर्वनामाच्या पुढे क्रियापद येणार असेल तर "आफ्टर ही लेफ्ट", नसेल तर "आफ्टर हिम".

"आयदर यू ऑर आय" म्हटलं की क्रियापद जवळच्याचं, "आयदर यू ऑर आय ॲम गोइंग". बरोबर असलं तरी बोलताना अवघड वाटतं, मी तर सांगते सरळ "वन ऑफ अस इज गोइंग" म्हणा.

"कोणी आलं तर त्याला थांबायला सांग." कोणी म्हणजे बाई की पुरुष माहीत नाही, मग "हिम" की "हर"? "देम" म्हणा: "इफ एनिवन कम्स, आस्क देम टु वेट." हे आजकालचं फॅड नाही, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एका माणसासाठी "दे" वापरल्याचा जुन्यात जुना दाखला 1375 सालचा आहे, आणि मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाने 2019 साली "दे"लाच वर्षाचा शब्द ठरवलं होतं. बिनधास्त वापरा.

'मला पण' याला "मी टू" किंवा "सो डू आय", 'मला पण नाही' याला "मी नायदर" किंवा "नायदर डू आय". "आय ऑल्सो नॉट" हे मात्र सोडा.

पायरी ८: आता एक खरा मेसेज

सराव वहीतल्या वाक्यांवर करू नका, स्वतःच्या मोबाइलमधले मेसेज घ्या, कारण तुमच्या चुका तुमच्याच वाक्यांत असतात. नमुन्याला हा रजेचा मेसेज बघा.

"सर, मी आणि माझी बायको काल डॉक्टरकडे गेलो होतो, ते म्हणाले की तुम्ही दोन दिवस आराम करा म्हणून उद्या येणार नाही, पण काही लागलं तर मला किंवा सुनीलला फोन करा."

आधी जोडणारे शब्द शोधा: आणि, की, म्हणून, पण, तर, किंवा. सहा जोड आहेत, म्हणजे सहा ठिकाणी थांबायचं.

'आणि': गेलो होतो, म्हणजे पहिली रांग, आणि स्वतः शेवटी. "माय वाइफ अँड आय वेन्ट टु द डॉक्टर येस्टरडे."

'की': आधी 'ते' बघा. एकच डॉक्टर, बाई असतील तर "शी", पुरुष असेल तर "ही", "दे" नाही. मग 'तुम्ही' बघा. कोणाला म्हणाले? मला. आणि सल्ला आहे, म्हणजे "दॅट" नको, "टु" पुरे. "शी टोल्ड मी टु रेस्ट फॉर टू डेज." आराम दोघांनाही सांगितला असेल तर "शी टोल्ड अस", मराठीतल्या 'तुम्ही'वरून हे सरांना कळलंच नसतं, इंग्रजीत तुम्हाला ठरवावं लागतंय.

'म्हणून': मराठीत पुढे कोणी नाही, "उद्या येणार नाही" एवढंच. "सो"ला सवलत नाही, म्हणून "सो आय वोंट बी इन टुमॉरो".

'पण' आणि 'तर' एकदम येतात. "काही लागलं तर" यात कोणाला लागलं? सरांना. "बट इफ यू नीड एनिथिंग". पुढे 'तर'साठी "देन" टाकायचा मोह होईल, नको.

'किंवा': फोन करा, म्हणजे क्रियापदानंतर, दुसरी रांग. सुनीलला काढून बघा, "कॉल मी". स्वतः शेवटी. "प्लीज कॉल सुनील ऑर मी."

आता सगळं एकत्र: "सर, माय वाइफ अँड आय वेन्ट टु द डॉक्टर येस्टरडे. शी टोल्ड मी टु रेस्ट फॉर टू डेज, सो आय वोंट बी इन टुमॉरो, बट इफ यू नीड एनिथिंग, प्लीज कॉल सुनील ऑर मी."

पाठवायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा आणि प्रत्येक सर्वनामावर बोट ठेवून 'हा कोण?' असं विचारा. इथे दुसऱ्या वाक्यातल्या "शी"वर बोट ठेवलं की लगेच दिसेल, आधी बायको पण आलीय आणि डॉक्टर पण, मग आराम करायला कोणी सांगितलं? अशी शंका आली की सर्वनाम सोडा आणि सरळ नाव किंवा हुद्दा लिहा: "द डॉक्टर टोल्ड मी टु रेस्ट फॉर टू डेज." मग पाठवा.